कारभारी कोण होणार?

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातलं, म्हणजे खाडीकाठच्या भातपट्ट्यातलं, एक गाव, जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा, रात्रीचे साडेनऊ. चैत्रातल्या जत्रेला महिना उरला होता आणि आम्ही नाटकातली कामं वाटायला बसलो होतो. नाटक १९३३ साली सुरू झालेल्या चरीच्या शेतकरी संपावरचं. लिहिलं होतं गावातल्याच तिघांनी, म्हणजे लिहिलं मी आणि खोडलं बाकीच्या दोघांनी. पुढाऱ्याच्या कामाला पाचजण तयार होते आणि पाचही जण भाषणाचा उतारा पाठ करून आले होते. खोताच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, कामालाही माणूस मिळाला, कारण खोताला जरीचा फेटा होता, मुठीची काठी होती आणि पहिला अख्खा अंक खुर्चीवर बसून काढायचा होता. गाडी अडली ती कारभाऱ्यापाशी.

खोताचा कारभारी म्हणजे वाड्यातला कोणी नव्हे, गावातलाच माणूस. खळ्यावर भात मोजायला तोच उभा, माप हलवून भरायचं की चेपून भरायचं हे त्याच्या हातात. कोणाच्या परसात किती कोंबड्या आहेत हे खोतापेक्षा त्यालाच जास्त ठाऊक. संप सुरू झाल्यावर कोणाच्या कणगीने तळ गाठला, कोण आता फुटेल, ही बातमी वाड्यावर नेणारा तोच. नाटकातलं सगळ्यात भरीव काम ते. तरी एकेकजण अंग काढून घेऊ लागला. ‘माझ्या पोरीचं लगीन ठरतंय, मी नाय बा.’ ‘उद्या पोयनाडच्या बाजारात मना कारभारी बोलतील.’ शेवटी कोपऱ्यात बसलेला एक म्हातारा म्हणाला, ‘एवढं काय, ज्याच्या घरानी केला त्यालाच द्या की.’

व्हरांडा गप्प झाला. सगळे खाली फरशीकडे बघायला लागले. फरशीकडे अशासाठी, की कोणाकडे बघायचं नाही हे प्रत्येकाला पक्कं माहीत होतं. ऐंशी वर्षं ते घर कोणी तोंडाने उच्चारलं नव्हतं आणि ऐंशी वर्षं ते कोणी विसरलंही नव्हतं.

गावांनी आपला इतिहास आपल्या रंगमंचावर आणावा, असं मी गेली काही वर्षं बोलत आणि लिहीत आलो आहे. त्यावर लोक माना डोलावतात. ‘नव्या पिढीला कळलं पाहिजे’, ‘संस्कार होतात’ वगैरे म्हणतात. मला संस्कारांशी फारसं कर्तव्य नाही. माझा आग्रह आहे तो त्या फरशीकडे बघण्याच्या मिनिटासाठी. पुस्तक वाचताना ते मिनिट येत नाही, हुतात्मा स्मारकावर हार घालताना येत नाही, भाड्याने आणलेलं महानाट्य बघताना तर नाहीच नाही. ते येतं फक्त कामं वाटताना, जेव्हा जिवंत माणसाला विचारावं लागतं, की बाबा, हा माणूस तू होशील का?

चरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण रायगडाबाहेरच्या वाचकाला ते ठाऊक असेलच असं नाही, आणि रायगडातल्या वाचकाबद्दलही मी पैज लावणार नाही. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी आणि भोवतालच्या मिळून पंचवीस गावांतल्या कुळांनी ठरवलं, की खोताची जमीन कसायची नाही. त्यांचे पुढारी नारायण नागू पाटील. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. खोत म्हणजे मुळात सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये सारा वसूल करणारा, पण पिढ्या गेल्या तसा तो मालक होऊन बसला. कुळाने कबुलायतीवर, म्हणजे खोताने लिहून घेतलेल्या करारावर, अंगठा उठवायचा, चिखलात उतरायचं, खाडीचे बांध राखायचे, आणि खळ्यावरून पिकाचा मोठा वाटा वाड्यावर पोचवून वर वेठीलाही राबायचं. त्याविरुद्धचा हा संप जवळजवळ सहा वर्षं चालला. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले, १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा आला. खोती गेली ती पुढे १९४९ च्या कायद्याने, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणारा कागदावर मालक झाला. आज महाराष्ट्रात ज्याच्या सातबाऱ्यावर कूळकायद्याने आलेली जमीन आहे, त्याच्यावर या पंचवीस गावांच्या उपासाचं थोडंफार देणं आहे.

नाटकवाल्याला मात्र या संपाने घाम फोडला. संप म्हणजे न करणं. सहा वर्षं माणसं नांगर धरत नाहीत, आवण टाकत नाहीत, कापणी नाही, मळणी नाही. रंगमंचावर ‘न करणं’ दाखवायचं कसं? लढाई नाही, छापा नाही, कोणी घोड्यावरून येत नाही. आमच्यातल्या तरण्या पोरांना हे अजिबात पसंत नव्हतं. ‘एक तरी गोळीबार पायजे, नायतर लोक उठून जातील’, असं त्यांचं म्हणणं. एकाने तर चिरनेरचा गोळीबार आमच्या दुसऱ्या अंकात आणून ठेवला. चिरनेर आमच्याच जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं. २५ सप्टेंबर १९३० ला तिथे जंगल सत्याग्रह झाला, अक्कादेवीच्या माळावर पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि आठजण हुतात्मे झाले. खरी गोष्ट, पण ती चरीची नव्हे. दोन रात्री यावर वाद झाला. पोरांचा मुद्दा होता की जिल्हा तोच, सरकार तेच, मग बिघडलं कुठे? माझा मुद्दा होता की चिरनेरच्या माणसांनी दिलेलं रक्त आपण आपल्या नाटकाला रंग यावा म्हणून उसनं घेणार असू, तर आपल्या आज्यांनी सोसलेली भूक आपल्याला कमी वाटते असा त्याचा अर्थ होतो. शेवटी गोळीबार गेला. फटाक्यांचे पैसे वाचले म्हणून खजिनदारही माझ्या बाजूने आला, हे सांगितलं पाहिजे.

मग दुसऱ्या अंकात ठेवायचं काय? ते आम्हाला एका म्हातारीने दिलं. वय नव्वदीला टेकलेलं, संपाच्या वेळी परकरी पोर. खारेपाटाची शेती ज्याने पाहिली नाही त्याला सांगतो: इथली भातशेती खाडीच्या पाण्यापासून मातीच्या बांधांनी राखलेली असते. बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की भरतीचं खारं पाणी आत शिरतं आणि मग त्या शेतात पुढची काही वर्षं भात धरत नाही. म्हातारी म्हणाली, संपाच्या तिसऱ्या की चौथ्या पावसात उधाणाच्या रात्री बाहेरच्या बांधाला खांड पडली. आता काय करायचं? जमीन खोताच्या नावावर. बांध बुजवायचा म्हणजे खोताचं काम करायचं, म्हणजे संप मोडायचा. नाही बुजवायचा, तर जी जमीन आज ना उद्या आपली व्हावी म्हणून उपाशी राहिलो तीच खाडीत जाणार. ‘मंग आमचा बापूस रातचा गेला,’ ती म्हणाली. ‘सगलेच गेले. दिवा न लावता गेले. सकाली कोनी कोनाला इचारला नाय.’

हे आम्ही लिहून काढलं आणि तालमीत वाचलं, तर दोन म्हातारे भडकले. असं काही झालंच नाही, आमच्या वडलांनी बांधाला हात लावला नाही, ती जमीन खारी झाली ती झालीच, आणि तेच आमच्या गावाचं मोठेपण, असं त्यांचं म्हणणं. आता खरं कुठलं? ऐकीव आठवणींत असल्या गोष्टी निकाली निघत नाहीत. इतिहासकार असता तर त्याने तळटीप घातली असती. आम्ही दोन्ही प्रवेश बसवले. आधी एक खेळायचा, तो संपला की सूत्रधाराने पुढे येऊन म्हणायचं, ‘असंही सांगतात’, आणि दुसरा खेळायचा. दोन्हींतली माणसं तीच, बांध तोच, एकदा फावडी उचलतात आणि एकदा खाली ठेवतात. जत्रेच्या रात्री त्या दहा मिनिटांत शेंगदाण्याची पुडी वाजली नाही. गोळीबार लागलाच नाही.

आठवणींवर बेतलेलं नाटक म्हणजे इतिहास नव्हे, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. प्राध्यापक मंडळी तो हमखास घेतात. आक्षेप खरा आहे. आठवण सोयीची असते. आपला आजा नेहमी पहिल्या रांगेत असतो, फितूर नेहमी शेजारच्या आळीतला असतो. पण गावात आठवणीला धरून ठेवणारे कागदही असतात आणि नाटकाच्या निमित्ताने ते बाहेर पडतात. आमच्या तालमीच्या तिसऱ्या आठवड्यात लोक घरच्या पत्र्याच्या ट्रंका उघडायला लागले. कोणी जुनी कबुलायत आणली, कोणी फेरफाराच्या नकला आणल्या, कोणी कूळकायद्याखालचं ३२ म चं, म्हणजे कूळ मालक झाल्याचं, प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं. तलाठ्याच्या दप्तरातल्या फेरफार नोंदी वाचायला कंटाळवाण्या असतात खऱ्या, पण ‘इतर हक्कात कुळाचे नाव दाखल केले’ ही एक ओळ कोणत्या साली, कोणत्या गटाला पडली हे लागोपाठ वाचत गेलात, तर एका आळीचा जय आणि दुसऱ्या आळीचा उशीर स्पष्ट दिसतो. आम्हाला तो उशीर का झाला हे विचारावं लागलं. उत्तर नाटकात आलं नाही, पण प्रश्न सगळ्या गावाला समजला. विद्यापीठातला कोणी आला असता तर त्याला हे कागद दाखवायला लोकांनी दहा सबबी सांगितल्या असत्या. पोराच्या नाटकासाठी त्यांनी ते आपणहून काढले.

आता दुसरा आक्षेप, आणि हा मला जड जातो. जुन्या जखमा कशाला उकरायच्या? खोताची नातवंडं अजून गावात आहेत, एकजण शाळेत शिक्षक आहे, चांगला माणूस आहे. कारभाऱ्याच्या घरातल्या सुनेने आमच्या नाटकाला वर्गणी दिली होती. त्यांना समोर बसवून त्यांच्या आज्याला शिव्या खायला लावायच्या? हा प्रश्न फक्त चरीचा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या आठवडे बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं-रोखे जाळले. त्या गावात हे नाटक करायचं म्हटलं तर सावकाराचं आडनाव घ्यायचं की नाही? साताऱ्याच्या प्रतिसरकारने १९४० च्या दशकात खबऱ्यांना आणि गावगुंडांना केलेल्या शिक्षांच्या गोष्टी कृष्णाकाठी अजून सांगतात. क्रांतिवीरांचे पुतळे उभे राहिले, पण ज्यांच्या पायांवर काठ्या बसल्या त्यांचीही घरं तिथेच आहेत. त्यातले सगळेच खबरे होते का, हे कोणी विचारत नाही.

यावर मी माझ्यापुरती एक रेघ आखली आहे. कागदावर असलेलं नाव घ्यावं, कुजबुजीतलं नाव घेऊ नये. खोताचं नाव दाव्यांत आहे, दप्तरात आहे, ते लपवण्यात काही शहाणपण नाही, आणि त्याच्या नातवालाही ते ठाऊकच असतं. आमच्या शिक्षक मित्राने उलट खोताचा जुना फोटो आणून दिला, फेटा कसा बांधायचा ते बघायला. पण फितूर कोण, बातमी कोणी दिली, ही नावं ऐंशी वर्षं फक्त कानाशी बोलली गेलेली असतात. ती खरी असतील, बांधाच्या भांडणातून चिकटवलेलीही असतील. रंगमंचावर ती उच्चारली की उत्तर द्यायला तो माणूस हयात नसतो. म्हणून आमच्या कारभाऱ्याला नावच दिलं नाही. नुसता ‘कारभारी’. गंमत अशी, की नाव नसल्यामुळे तो प्रेक्षकांतल्या प्रत्येकाच्या घराजवळून थोडा थोडा चालत गेला. असा पाहुणा कोणाकडे कधी आला नव्हता?

ही रेघ सगळ्यांना पटेल असं नाही. माझा एक मित्र म्हणतो की हे भित्रेपण आहे. असेलही. पण गावात राहायचं असतं.

आपल्याकडे गावच्या रंगमंचाला इतिहासाचं वावडं मुळीच नाही. उलट आहे. गावोगावच्या जत्रांत, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या मंडळांत ऐतिहासिक नाटकाला मान असतो. ड्रेपरीवाल्याकडून जिरेटोप आणि तलवारी भाड्याने येतात, एका रात्रीत गावातला रिक्षावाला सरदार होतो. शहरांकडून महानाट्यं येतात, त्यांत खरे घोडे असतात, हत्ती असतो, फिरते किल्ले आणि आकाशात सोडलेले प्रकाशझोत असतात. मी स्वतः लहानपणी असल्या प्रयोगाला वडलांच्या खांद्यावर बसून टाळ्या पिटल्या आहेत. शिवकाळ रंगवू नये असं म्हणणारा मी कोण? माझी तक्रार एवढीच, की त्या इतिहासात आपण सगळे आपोआप मावळे असतो. प्रेक्षकांतला एकही जण घरी जाताना स्वतःला विचारत नाही, की आपला खापरपणजा नक्की कोणाकडे चाकरीला होता. साडेतीनशे वर्षांचं अंतर फार सोयीचं असतं. ऐंशी वर्षांचं नसतं.

आणि लोकांना नाटक नको असतं, ऑर्केस्ट्राच हवा असतो, हे जत्रा कमिट्यांचं पालुपद तर मला मान्यच नाही. विदर्भात झाडीपट्टीकडे बघा. वडसा-देसाईगंजच्या आसपास, गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियाच्या गावांत दिवाळीनंतर नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत चालतात. लोक तिकीट काढून, थंडीत कुडकुडत, रात्रभर बसतात. त्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या नाट्यरसिकांनी झाडीपट्टी म्हणजे काय हे शोधायला सुरुवात केली. तिथे जोर सामाजिक, कौटुंबिक, रडवणाऱ्या-हसवणाऱ्या नाटकांचा आहे, गावच्या इतिहासाचा नव्हे. पण गावात प्रेक्षक नाही हे म्हणणं त्या मंडपांकडे बघून तरी कोणी करू नये. गोव्यात देवळांच्या जत्रांमधून गावकरी स्वतः नाटक उभं करतात, ती परंपराही जुनी. माणसं आहेत, रात्री आहेत, मंडप आहे. संहितेत गाव नाही, एवढीच उणीव.

ती उणीव पूर्वी इतकी नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं, त्यात राजा-राणी नव्हते, जोश्याच्या नादी लागून नागवला जाणारा शेतकरी आणि त्याची बायको होती. मराठी पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीला ते रुचलं नाही. पुढे सत्यशोधकी जलसे आणि मग आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. त्यांत समोर बसलेला भट, सावकार, पाटील हाच खलनायक असे आणि समोर बसलेल्यांना तो कळतही असे. सत्तेला हे चांगलं समजत होतं. इंग्रजांनी १८७६ मध्येच नाटकांवर कायदा आणला आणि १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी घातली. तो १८७६ चा कायदा पुस्तकातून काढून टाकायला आपल्याला जवळजवळ दीडशे वर्षं लागली. आणि तो गेला तरी महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घेण्याची पद्धत आहेच. व्यावसायिक नाटकांचं ते बघून घेतील. पण रोज रात्री तालमीत जे बदलतं, ज्यातला अर्धा मजकूर म्हातारीच्या तोंडून ऐनवेळी येतो, त्या गावच्या नाटकाची कुठली प्रत तपासायला पाठवायची? जत्रेतल्या हौशी प्रयोगांना ही अट असूच नये, असं माझं मत आहे. गावातली माणसं एकमेकांची जी तपासणी करतात ती कुठल्याही मंडळापेक्षा कडक असते.

पैशांचं फार बोलायला नको. आमचं सगळं नाटक, ड्रेपरी-मेकअप-माईक धरून, आदल्या वर्षीच्या ऑर्केस्ट्राच्या सुपारीच्या निम्म्यातही बसलं. अडचण पैशांची नसते, सलग तीन आठवडे रात्री मोकळी असणारी माणसं मिळण्याची असते. कंपनीत तीन पाळ्या, कोणी मुंबईला, कोणी गाडीवर. शाळेतल्या उत्साही गुरुजींची नेमकी मार्च-एप्रिलमध्ये परीक्षांची धांदल. सरकारी योजनांतून पथनाट्यं होतात, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात तर खूप झाली, पण सिंधुदुर्गापासून नंदुरबारपर्यंत तेच झेंडे, त्याच घोषणा. चार दिवसांत बसवून फोटो पाठवायचा असला की दुसरं काय होणार?

आता आमचंच एक पाप सांगतो, नाहीतर वरचं सगळं फार शहाणपणाचं वाटेल. आमच्या नाटकात आगरी होते, कुणबी होते, धवले, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणणाऱ्या बायका होत्या, पहिल्यांदाच रंगमंचावर उभ्या राहिलेल्या दोन सुना होत्या. प्रयोगाच्या रात्री मी विंगेतून बाहेर डोकावलो, तर मंडपाच्या दिव्यांचा उजेड जिथे संपतो तिथे, पेरूच्या बागेच्या कुंपणाला टेकून, वाडीवरची कातकरी माणसं उभी होती. पन्नास-साठ तरी असतील, लेकरं कडेवर घेऊन. कुळाने संप केला तेव्हा त्या कुळाकडे मजुरीला जाणाऱ्या कातकऱ्याच्या चुलीचं काय झालं, हे आमच्यापैकी एकालाही तीन आठवड्यांत सुचलं नव्हतं. चिरनेरच्या आठ हुतात्म्यांत एकजण कातकरी होता, हे मात्र आम्ही सगळे भाषणात सांगत होतो. ‘गावाचं नाटक’ म्हणताना गाव कुठे संपवायचं, हे कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते ठरवणाऱ्यालाच कळत नाही. सामूहिक रंगभूमीचं कौतुक करणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, पहिल्यांदा कुंपणाकडे बघावं.

कारभाऱ्याचं काम कोणी केलं ते सांगायचं राहिलं. फरशीकडे बघण्याचं ते मिनिट संपवलं आमच्यातल्याच एकाने. पंचेचाळिशीचा माणूस, धंदा जमिनींच्या दलालीचा. मांडव्याला बोटीतून उतरणाऱ्या मुंबईच्या पार्ट्यांना प्लॉट दाखवायचे, सातबारा काढून द्यायचा, दोन्हीकडून टक्का घ्यायचा. तो म्हणाला, ‘मना द्या. मना तसा पन कोन बरा बोलत नाय.’ सगळे हसले आणि सुटले.

त्याने काम झकास केलं. माप भरताना अंगठ्याने भात कसा मागे सारायचा हे त्याने कुठून शिकून आणलं देव जाणे. वाड्यावर बातमी सांगायला जाताना तो रंगमंचावरून सरळ चालत नसे, कडेकडेने जाई, जणू आपण निघालोच नाही अशा चालीने. ते मी त्याला सांगितलं नव्हतं.

आमच्या नाटकाचा शेवट मी फार अभिमानाने लिहिला होता. कायदा होतो, खोताचा वाडा अंधारात जातो, गावातल्या एकेका घरचं माणूस येतं आणि आपल्या गटाचा नंबर, क्षेत्र आणि आजोबांचं नाव वाचतं. अस्सल कागदावरून, ट्रंकेतून निघालेल्या. कारभारी एका बाजूला आपला चोपडा छातीशी धरून उभा. वाचन चालू झालं आणि मंडपात लोक रडायला लागले, खरंच रडायला लागले. खारेपाटाच्या पलीकडच्या अंगाला, पेण तालुक्यातल्या बावीस गावांनी २१ सप्टेंबर २००८ ला सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, जनमत चाचणीत जमीन द्यायची नाही असा कौल दिला, त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आणि त्याच वर्षांत आमच्या बाजूला गुंठ्यागुंठ्याने कुंपणं पडत होती, फाटकांना इंग्रजी नावं लागत होती.

सातवं की आठवं नाव वाचून झालं असेल, मागच्या अंधारातून कोणीतरी ओरडलं, ‘आन मंग इकली कोनी?’

वाचणारी पोर थांबली. संहितेत यापुढे काही नव्हतं. मंडपातल्या निम्म्या माना फिरल्या, कोण ओरडलं ते बघायला, आणि निम्म्या तशाच खाली गेल्या. मी विंगेतून हाताने खुणा करत होतो, पुढचं वाच, पुढचं वाच. तेवढ्यात कारभारी कडेकडेने न येता सरळ चालत मध्यभागी आला. छातीशी धरलेला चोपडा त्याने उघडला, बोटाला थुंकी लावून दोन पानं उलटली आणि अंधाराकडे बघून विचारलं, ‘सांगू? नावानिशी सांगू?’

पडद्याची दोरी ज्या पोराच्या हातात होती, त्याने घाबरून ती सोडून दिली.